सुभेदारांचे पन्नास रुपये

१९५४ सालच्या उन्हाळ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी भंडाऱ्याहून उभे राहिले. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात मोडत असे आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्याच्याच पोटात होता. मतदारसंघ दोन जागांचा. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी घटनेच्या शिल्पकारास सुमारे आठ हजार मतांनी हरविले. चरित्रकार हा प्रसंग दोन ओळींत आटोपतात. राजकारणाच्या हिशेबात त्याला याहून अधिक जागा मिळण्याचे कारणही नाही. परंतु बाबासाहेब ज्यांच्याकडे मते मागावयास गेले ते लोक कोण होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. धानाच्या बांध्यांतून राबणारे मजूर, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका, गावची राखण करणारे कोतवाल. हातपाय थकले म्हणजे यांच्यापैकी कोणालाही कोठून एक पैसा यावयाचा नव्हता. म्हातारपणाची तरतूद कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही हे या देशात पुष्कळदा जातीवरून ठरत आले आहे. हा प्रश्न बाबासाहेबांच्या आयुष्याला अगदी बालपणापासून चिकटलेला होता, आणि त्यांच्या चरित्राची हीच बाजू सहसा सांगितली जात नाही.

त्यांचे वडील रामजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. सैन्यात ते सुभेदार झाले, लष्करी शाळेचे अनेक वर्षे मुख्याध्यापकही होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. ते आईबापांचे चौदावे अपत्य. १८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले आणि त्यांना दरमहा पन्नास रुपये निवृत्तिवेतन सुरू झाले. त्या काळी एका महाराच्या घरात दर महिन्याला, पाऊस पडो न पडो, गावकऱ्यांची मर्जी असो नसो, ठरलेली रक्कम येणे ही केवढी गोष्ट होती, याची कल्पना पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्या आजच्या माणसाला येणे कठीण आहे.

पण रामजी ज्या दाराने आत गेले ते दार त्यांच्या निवृत्तीच्या सुमारासच बंद झाले होते. १८९२ मध्ये सरकारने महारांची लष्करभरती थांबविली. लढवय्या आणि बिगरलढवय्या जाती अशी प्रतवारी तेव्हाच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या डोक्यात बसली होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या कंपनी सरकारच्या फौजेत लढलेल्या लोकांना तिच्यात जागा उरली नाही. गोपाळबाबा वलंगकर यांनी या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. रामजींनीही न्यायमूर्ती रानडे यांचे साह्य घेऊन दाद मागितली. उपयोग झाला नाही. या बंदीचा विचार बहुधा मानापमानाच्या अंगाने केला जातो. तो खरा आहेच. तथापि तिच्यामुळे एका संपूर्ण समाजाच्या हातून निवृत्तिवेतन मिळवून देणारी जवळजवळ एकमेव नोकरी गेली, हेही तितकेच खरे आहे.

त्या पन्नास रुपयांनी काय केले ते मुंबईच्या परळ भागातील एका चाळीत पाहावयास मिळते. दापोली आणि सातारा करीत हे कुटुंब १९०४ च्या सुमारास तेथे आले. आई भीमाबाई साताऱ्यासच निवर्तल्या होत्या. एका खोलीत सारे घर. पन्नास रुपयांत दोन मुलांचे शिक्षण होईना, म्हणून थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली आणि धाकटे भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात राहिले. रात्री मुलाला आधी झोपवून रामजी स्वतः दोन वाजेपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवीत. मुलाला पुस्तकांचा हव्यास फार. पैसे नसले म्हणजे म्हातारे सुभेदार लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकीत आणि पुस्तक घेऊन देत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून लेकीला परत जाई.

सावकाराने तो दागिना ठेवून घेतला याचे कारण सोन्याची किंमत एवढेच. पण लेकीने तो निःशंकपणे काढून दिला याचे कारण मात्र पुढच्या महिन्याचे निवृत्तिवेतन हेच असले पाहिजे. ठरलेले उत्पन्न हे नुसते पोट भरीत नाही, ते पत निर्माण करते. आणि ज्या घरातील म्हाताऱ्याचा भार मुलावर पडत नाही, त्या घरातील मुलगा शाळेत राहू शकतो. आनंदराव राहू शकले नाहीत, कारण पन्नास रुपये दोघांना पुरले नाहीत, भीमराव राहिले. हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या पन्नास रुपयांची नोंद कोठेतरी घ्यावयास हवी.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. भीमराव नुकतेच बी. ए. होऊन बडोद्यास नोकरीला लागले होते. निवृत्तिवेतनाचा आधार गेला, पण त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये त्याप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले तेव्हा काय घडले ते सर्वविदित आहे. शिपाई कागद दुरून टाकीत. राहावयास जागा मिळेना. पारशी खाणावळीतून त्यांना बाहेर काढण्यात आले. या हकिगतीतील अपमान सर्वांच्या लक्षात राहतो. विलायतेत शिकून आलेला हा अर्थशास्त्रज्ञ एका स्थिर सरकारी नोकरीला मुकला, ही गोष्ट त्या अपमानाखाली झाकली जाते. नोकरी मिळाली तरी जात ती टिकू देत नाही, असा हा अनुभव होता.

मुंबईस येऊन त्यांनी शेअरबाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देण्याची एक पेढी काढली. गुंतवणूक कशी करावी हे सांगण्यास त्यांच्याइतका लायक माणूस त्या वेळी मुंबईत शोधूनच काढावा लागला असता. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके थांबली आणि पेढी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, दरमहा साडेचारशे रुपये. या पगारातून घरखर्चापुरती रक्कम रमाबाईंच्या हाती देऊन बाकीचे ते शिल्लक टाकीत. परळच्या चाळीतील त्यांचे बिऱ्हाड त्या पगाराला शोभेसे नव्हते. ही शिल्लक, शाहू महाराजांचे दीड हजार आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजार रुपये कर्ज एवढ्या भांडवलावर ते १९२० मध्ये लंडनला गेले. शिल्लक टाकणे ही रमाबाईंच्याही कष्टांची गोष्ट होती, हे येथे सांगितलेच पाहिजे.

लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. चलनाचे मोल स्थिर राहावे, सरकारच्या मर्जीने त्याचा पुरवठा फुगू नये, हा त्यातील रोख. विद्वानांच्या दृष्टीने तो चलनशास्त्राचा वाद आहे. परंतु ठरीव रकमेवर चालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला महागाई म्हणजे काय हे पुस्तकांतून शिकावे लागले नसेल.

१९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतन म्हणजे काय? गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी, तिच्या मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळेल ते बलुते. वतनदार आजारी पडला तर घरातील दुसऱ्याने जावयाचे, म्हातारा झाला तर मुलाने. वतनाविषयी महार समाजातील पुष्कळांना ओढ होती आणि ती अकारण नव्हती. कारण म्हातारपणी भाकरीची तेवढीच हमी होती. पण हमी कशाच्या बदल्यात? तर मुलाने बापाची काठी हाती घेऊन त्याच उंबरठ्यांवर उभे राहण्याच्या. सुभेदारांच्या निवृत्तिवेतनाने मुलाला मोकळे केले. वतनाने बापाच्या म्हातारपणासाठी मुलाला बांधून टाकले. बाबासाहेब वतनावर इतक्या कडवेपणाने का तुटून पडत, याचे उत्तर या दोन व्यवस्थांच्या तुलनेत सापडते. विधेयक त्यांना १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. मुंबई राज्यातील ही कनिष्ठ वतने कायद्याने संपली ती १९५८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. भंडाऱ्याकडे मुंबईचा वतन कायदा नव्हता. इकडे गावचा कोतवाल असे, तो बहुधा महारच, आणि त्याचे पोटही गावकऱ्यांच्या सुपातील धान्यावरच अवलंबून असे.

त्याच वर्षीच्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी त्यांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले. विणकाम खात्यात मजुरी अधिक, पण तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव. कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ होई. आज ज्या मजुरीत फरक, त्याच मजुरीच्या प्रमाणात उद्याची पुंजी जमते, ही गोष्ट समजण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

सत्ता हाती आली तेव्हा त्यांनी प्रथम बंद दारे उघडण्याकडे लक्ष दिले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, महारांची एक पलटण उभारून सरकारने ती १९२१ मध्ये मोडून टाकली होती. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. १९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा राखण्याचा हुकूम निघाला. १९४६ मध्ये हे प्रमाण साडेबारा टक्के झाले. राखीव जागांवरील चर्चा आजवर गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व या दोन शब्दांभोवतीच फिरत आली आहे. त्या नोकरीबरोबर निवृत्तिवेतनही घरात येते, आणि त्यामुळे पुढच्या पिढीच्या डोक्यावरचा एक भार उतरतो, याकडे दोन्ही बाजूंचे वक्ते दुर्लक्ष करतात.

मजूरमंत्री म्हणून चार वर्षांत त्यांनी केलेली कामे पुष्कळ आहेत. सरकार, मालक आणि मजूर यांची त्रिपक्षीय परिषद, कोळसा खाणींतील मजुरांसाठी कल्याणनिधी, कारखान्यांत आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा. आजारपणाच्या विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे १९४३ मध्ये सोपविण्यात आले आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीने देशभरच्या उद्योगांची पाहणी केली. तीत विडी धंद्याचीही पाहणी होती. म्हणजे विडी मजुराची स्थिती सरकारच्या दप्तरी येऊन पोचली होती.

म्हातारपणाच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले सर्वांत धीट उत्तर मात्र १९४७ मधील आहे. अनुसूचित जाती फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे ठेवण्यासाठी त्यांनी एक निवेदन तयार केले. त्यात प्रमुख उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, या मागणीबरोबरच आणखी एक कलम होते. विमा हा राज्याचा मक्ता असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरविण्याची राज्याने सक्ती करावी. प्रत्येक नागरिकाला, म्हणजे कारखान्यातल्याला आणि बांधीतल्याला, कारकुनाला आणि कोतवालाला. एका बाजूने व्यक्तीला सुरक्षितता आणि दुसऱ्या बाजूने राज्याला उद्योगांसाठी भांडवल, असा दुहेरी हिशेब त्यामागे होता. या कलमाची थोरवी अशी की त्यात कोणत्या धंद्याला घ्यावे आणि कोणत्या वगळावे, हा प्रश्नच उरत नव्हता. अर्धपोटी मजुराच्या मजुरीतून हप्ता कसा कापावयाचा, हा आक्षेप त्यावर घेता येईल आणि तो पोकळ म्हणता येणार नाही. पण त्यावर चर्चा होण्याइतकेही ते कलम कोणी गंभीरपणे घेतले नाही.

राज्यघटनेत शेवटी जे आले ते सौम्य होते. ४१ व्या कलमात वृद्धापकाळी सार्वजनिक साह्य देण्याचे मार्गदर्शक तत्त्व आले, पण राज्याच्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत. आणि न्यायालयात जाऊन ते बजावून घेता येत नाही. समवर्ती सूचीत भविष्यनिर्वाह निधी आणि वार्धक्यवेतन हे विषय आले. कायदा करण्याची मोकळीक मिळाली, बंधन मात्र नव्हते.

१९५१ च्या सप्टेंबरात, हिंदू कोड बिलाचे तारू फुटल्यावर, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच नोव्हेंबरात भविष्यनिर्वाह निधीचा वटहुकूम निघाला आणि १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला. प्रारंभी तो सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, यंत्रसामग्री, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड, तोही पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरता. या यादीत सिगारेट आहे आणि विडी नाही. तंबाखू एकच, ओढणाराही पुष्कळदा एकच. पण सिगारेट कारखान्यात तयार होते, तर विडी भंडारा, तुमसर, तिरोडा, गोंदियाकडच्या घराघरांतून सट्टेदाराने मोजून दिलेल्या पानतंबाखूतून बायकांच्या बोटांनी वळली जाते. कायद्यात जातीचा उल्लेख कोठेही नव्हता. तो करण्याची गरजही नव्हती. धंद्यांची यादी केली की जात आपोआप बाहेर राहत होती.

असे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. बाबासाहेब ज्या अमेरिकेत शिकले तेथे १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा होऊन वृद्धांना निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला, तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना वगळण्यात आले होते. कातडीच्या रंगाचा शब्दही त्यात नव्हता. पण कृष्णवर्णीय श्रमिकांपैकी निम्म्याहून अधिक लोक याच दोन धंद्यांत होते. तिकडची ती चूक १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी पुष्कळशी भरून काढली. त्याच १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यात मते मागत होते, आणि येथील शेतमजूर आणि विडी वळणारी बाई दोघेही यादीबाहेरच होती.

निवडणूक हरली तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते, मधुमेहाने थकले होते. राज्यसभेचे सदस्यत्व होतेच. १९५६ च्या सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले; विमा राज्याच्या हाती आला, पण १९४७ च्या त्या निवेदनातील सार्वत्रिक सक्तीचे अर्धे कलम तसेच राहिले. १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांत शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील माणसे फार मोठ्या संख्येने होती. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. खासदारांना निवृत्तिवेतन देणारा कायदा व्हावयास अजून वीस वर्षे अवकाश होता.

त्यांच्यामागे भंडाऱ्यात काय झाले? अनुसूचित जातींची यादी धर्माशी जोडलेली असल्यामुळे ज्यांनी कागदोपत्री बौद्ध अशी नोंद केली त्यांचा केंद्र सरकारच्या राखीव जागांवरील हक्क गेला. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रात तो हक्क १९९० मध्ये परत मिळाला. मधल्या काळात, १९६० नंतरच्या दशकात, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली. केंद्राची नोकरी, केंद्राचे निवृत्तिवेतन. डाकखाते होते, रेल्वे होती. दीक्षा घेतल्याची किंमत काही घरांनी या नोकऱ्यांच्या रूपाने मोजली.

विडी धंद्याला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला १९७७ मध्ये, म्हणजे सिगारेटनंतर पंचवीस वर्षांनी. मालक न्यायालयात गेले. घरी बसून विडी वळणारी बाई ही आमची कामगारच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ते फेटाळले. तोवर या बायकांची एक पिढी संपत आली होती. पुढेही सट्टेदाराच्या वहीत नाव एकीचे आणि विड्या दुसरीच्या, वयाचा दाखला नाही, कागदोकागदी नावाचे स्पेलिंग निराळे, अशा अडचणींत पुष्कळींचे दावे अडकले. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये ठरले ते दरमहा हजार रुपये. शेतमजुराच्या वाट्याला आले ते निराधारांचे अनुदान, १९८० पासून. ते मिळविण्यासाठी आपण निराधार आहोत हे तहसीलदारापुढे सिद्ध करावे लागते. आयुष्यभर राबलेल्या माणसाला निराधार म्हणवून घ्यावयास लावणारी ही योजना आणि सुभेदारांचे हक्काचे पन्नास रुपये यांत केवळ रकमेचे अंतर नाही.

ज्यांना नोकऱ्या मिळाल्या त्या दलित घरांत पहिली पिढी शिपाई किंवा हवालदार, दुसरी मास्तर किंवा लिपिक, असा क्रम सामान्यतः दिसतो. तिसरी पिढी नोकरीत शिरत असताना, १ नोव्हेंबर २००५ पासून, महाराष्ट्र शासनाने नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुने निवृत्तिवेतन बंद करून अंशदानाची योजना आणली. केंद्राने ते १९०४ नव्हे, २००४ मध्ये केले, म्हणजे परळच्या चाळीतील त्या बिऱ्हाडाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभरातील शिक्षक आणि कर्मचारी संपावर गेले. ज्या घरांत शेती, घरभाडे किंवा वडिलांची ठेव आहे तेथे हा तोटा मोठा, पण सोसण्यासारखा आहे. ज्या घरांत निवृत्तिवेतन हीच पहिली आणि एकमेव पुंजी होती तेथे तो निराळा. संपाच्या सभांतून हा भेद फारसा कोणी मांडला नाही.

सैन्याच्या भरतीचे नियम जून २०२२ मध्ये बदलले. नव्या योजनेत चार वर्षांची नोकरी, शेवटी एकरकमी निधी, आणि चारांतील तिघांना निवृत्तिवेतनाविना घरी परत. इतर पलटणींप्रमाणे महार रेजिमेंटची भरतीही याच नियमाने होऊ लागली.